आईच्या पहाटेच्या ओव्या

प्रश्न : माझं वय ४७. पुण्यात बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ हृदयविकारानं अचानक गेला. ४१ वर्षांचा होता. तेव्हापासून आई माझ्याकडे आहे. तिचं वय ७४, शाळा दुसरीपर्यंत, सगळं आयुष्य भोर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलेलं. दिवसभर ती जवळजवळ बोलतच नाही. पहाटे चारला मात्र उठते, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसते आणि हळू आवाजात ओव्या म्हणते. मी लहान असताना ती जात्यावर म्हणायची, त्यातल्या काही आहेत. पण बऱ्याचशा आता तिनं स्वतः जुळवलेल्या असतात आणि त्या सगळ्या भावाच्या. दोन लिहून पाठवते :

दारातली फटफटी बाई धुळीनं माखली
बाळाच्या माघारी नाही कुणीच हाकली

पावसाची सर आली आडवी बांधाला
बाळानं माझ्या छत्री दिली वाटंच्या गड्याला

माझे यजमान समंजस आहेत, पण त्यांना वाटतं की हे रोज उठून खपली काढणं आहे. मुलगा दहावीला आहे. तो म्हणतो, आजीचा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो. नात्यातल्या एक बाई सांगून गेल्या की गेलेल्याला असं सारखं आळवलं की त्याचा जीव अडकतो, त्यापेक्षा हातात जपमाळ द्या. पुढच्या महिन्यात गावी दुसरं वर्षश्राद्ध आहे. भावकी म्हणते आईला आणू नका, ती चारचौघांत हेल काढेल, भावजयीला त्रास होईल. आणि मी स्वतः अजून एकदाही धड रडलेली नाही. मला शब्दच सुचत नाहीत. शब्दांनी माणूस परत येत नाही, मग आईला शब्दांत गुंतवून ठेवण्यात काय अर्थ आहे? तिला थांबवू का?

उत्तर :

ताई, थांबवू नका.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही ओव्या मी बराच वेळ वाचत बसले होते. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पहिली ओवी पाहा. आई कुठंही म्हणत नाही की मला दुःख झालंय, माझं काळीज तुटतंय. ती अंगणातली फटफटी पाहते. तिच्यावर धूळ बसलीय. दोन वर्षांत ती कुणी हाकलेली नाही. बस, एवढंच. पण मुलगा गेल्यावर घरात नेमकं काय थांबलं, हे त्या धुळीत सगळं आलं. 'माखली' हा शब्द आल्यावर पुढच्या ओळीत त्याला जुळणारा शब्द तिला शोधावा लागला असेल आणि शोधता शोधता तिला 'हाकली' सापडला. त्या शोधात असतानाचे काही क्षण तिचं दुःख तिच्या अंगावर नव्हतं, ते तिच्या हातात होतं. ती त्याचं काहीतरी करत होती. ७४ वर्षांच्या बाईनं, जिच्या हातून घर, शेत, मुलगा सगळंच सुटलंय, तिनं रोज पहाटे एक गोष्ट स्वतःच्या ताब्यात ठेवली आहे. ती तिच्याकडून काढून घेऊ नका.

दुसरी ओवी तर मरणाची नाहीच. ती तुमच्या भावाच्या स्वभावाची आहे. आडवा पाऊस लागलाय, बांधावरून कुणी गडी चाललाय आणि हा पोरगा स्वतःची छत्री त्याला देऊन भिजत घरी येतो. असं खरंच कधी घडलं होतं का, हे आईला विचारा. घडलं असेल तर तुमच्या मुलाला ते माहीत असायला हवं. त्याला मामा आठवत असेल तो शेवटच्या दिवसाचा, फोन आल्याच्या रात्रीचा. आजीच्या ओवीतला मामा पावसात भिजणारा आहे. माणूस गेल्यानंतर घरात त्याच्याबद्दल कोणती वाक्यं बोलली जातात, त्यावर पुढच्यांना तो कसा आठवणार हे ठरतं. तुमच्या घरात सध्या ही वाक्यं फक्त आई बोलते आहे, तेही पहाटे चारला आणि एकटीच.

तुमचे यजमान म्हणतात ते खपलीचं. त्यांच्या काळजीबद्दल मला शंका नाही आणि त्यात थोडं तथ्यही आहे, त्याकडे मी पुढे येते. पण आधी हे लक्षात घ्या की आई काही नवीन, विचित्र करत नाहीय. जे तिला आईकडून, सासूकडून, जावांकडून मिळालं तेच ती करते आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ ओवीत सांगितला तो १२९० मध्ये, म्हणजे त्या नोंदीच्या दीडशे वर्षांनंतर. उखळाशी आणि जात्याशी बसलेल्या, अक्षरही न ओळखणाऱ्या बायका तोपर्यंत कित्येक पिढ्या या छंदात आपलं सुखदुःख सांगत आल्या होत्या. तुमची आई त्या रांगेत बसलेली आहे. फक्त तिच्यापुढे आता जातं नाही आणि समोर दुसरी बाई नाही.

या ओव्यांमध्ये काय काय असायचं हे आज आपल्याला कळतं ते काही माणसांनी त्या जपून ठेवल्या म्हणून. साने गुरुजींनी गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी केल्या. पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करता करता हे काम हाती घेतलं, ते इतकं वाढलं की हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पुष्कळ ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. आता तो संग्रह 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, यांच्याकडे आहे आणि फोनवरही ऐकता येतो. त्यात सासुरवास आहे, भावाची वाट पाहणं आहे, लेकीला निरोप देणं आहे, पंढरीची वाट आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत, त्या ऐकताना उभं राहावंसं वाटतं. आणि सीता तर जागोजागी आहे. सीतेला जो सासुरवास झाला तो तिनं पुढच्या साऱ्या बायकांना थोडा थोडा वाटून दिला, अशा आशयाच्या ओव्या बायका म्हणत आल्या आहेत.

या शेवटच्या कल्पनेपाशी जरा थांबू या, कारण तुम्ही विचारलंय की शब्दांत काय अर्थ आहे. एक सून आहे. तिला जाच आहे. तिनं कुणाला सांगावं? माहेरी सांगितलं तर आईचा जीव तुटेल, शेजारी सांगितलं तर सासरी पोचेल. ती सून जात्यावर बसते आणि म्हणते की हा माझ्या वाट्याला आलेला तुकडा सीतेच्या सासुरवासाचा आहे. जाच तेवढाच राहिला. पण त्याआधी तो तिच्या एकटीच्या नशिबाचा दोष होता, तिच्यातच काहीतरी उणं आहे म्हणून होणारा होता. आता तो रामायणापासून चालत आलेला अन्याय झाला, ज्यात ती सीतेची वाटेकरीण आहे. तिची मान थोडी वर झाली. भाषा माणसाच्या आयुष्यात ढवळाढवळ करते ती अशी. घटना तीच असते आणि तरी ती घटना सोसणारं माणूस तेच राहत नाही.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तुम्हाला ठाऊकच असेल, पण या पत्राच्या संदर्भात ते पुन्हा आठवावं असं आहे. १८८० मध्ये जळगावजवळच्या असोद्याला जन्म, शाळेचं तोंड पाहिलं नाही, ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात लहान मुलं. त्यांनी शेतात, घरात काम करता करता गाणी रचली. वैधव्यावर त्यांची एक ओळ आहे : 'झाड गेलं निघीसनी, मांघे सावली उरली.' नवरा गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला काय वाटतं हे सांगायला माझ्यासारखीला चार पानं लागतील आणि तरी ते इतकं नेमकं होणार नाही. झाडच नाही, तर सावली कशाची? तरी ती उरलीय आणि तिला पोरं वाढवायची आहेत. ज्या बाईला आपल्या स्थितीसाठी ही ओळ सापडली, तिच्याबद्दल इतरांनी वापरलेले सगळे हिणवणारे शब्द त्यापुढे खुजे ठरतात. बहिणाबाईंची गाणी त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव, आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी उतरवून घेतली होती. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं, ती पुस्तकात आली. घरातल्या दोन मुलांनी वहीत लिहून ठेवलं नसतं, तर ती ओळ आज मला तुम्हाला सांगता आली नसती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, तुमच्या मुलाकडे वळताना ते लागेल.

त्याआधी जपमाळेचं. नात्यातल्या बाईंना वाईट हेतू नसेल. पण नाम एकीकडे आणि दळणाची ओवी दुसरीकडे, अशी वाटणी आपल्या संतांनी तरी केलेली नाही. जनाबाई दळता कांडताच अनंताला गात होती. जात्यावर बसलेली बाई पहिली ओवी देवाला वाहते आणि मग घरच्यांवर येते, ही रीत तुमच्या आईलाही माहीत असणार. तिला जप करावासा वाटला तर ती करेल, तिला कुणी शिकवायची गरज नाही. आणि जीव अडकतो हे कृपा करून आईच्या कानावर जाऊ देऊ नका. ज्या आईनं मुलगा गमावला तिला 'तुझ्या आठवणीमुळे त्याला सुटका नाही' असं सांगणं फार क्रूर आहे, बोलणाऱ्याला ते कळो वा न कळो.

शब्दांची ताकद नेहमी चांगल्या बाजूनं चालत नाही. आपल्याकडे भेटायला येणारी माणसं ठरलेली वाक्यं बोलतात. 'गेला तो सुटला.' 'देवाची मर्जी.' 'तुमच्यापेक्षा वाईट ज्यांचं झालं त्यांच्याकडे पाहा.' 'आता सुनेकडे बघून आवरा.' यातल्या प्रत्येक वाक्यात एकच सूचना दडलेली असते, की आता बोलू नका. तुकोबांचंच पाहा. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले, व्यापार बुडाला. पुढे त्यांनी लिहिलं, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली.' वाचताना अंगावर काटा येतो. पण हे 'बरें जालें' त्यांनी स्वतःच्या पोळलेल्या जिवाला विचारून, स्वतःसाठी लिहिलं. तेच वाक्य त्या दिवसांत एखाद्या शेजाऱ्यानं त्यांना ऐकवलं असतं तर? मुलगा गेलेल्या माणसाला 'बरं झालं' म्हणण्याचा हक्क जगात दुसऱ्या कुणालाही नाही. स्वतःच्या दुःखाला कोणता शब्द द्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि आई ते ठरवते आहे. तिला शब्द पुरवू नका, तिचे ऐका.

आता यजमानांच्या शंकेतलं तथ्य. मनात तेच ते घोळवत राहणं माणसाला खोल नेतं, नैराश्य लांबवतं, हे मानसशास्त्रात पक्कं दिसून आलेलं आहे. त्याचबरोबर दुसरीही गोष्ट दिसलेली आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल मोकळेपणी लिहायला सांगितलं होतं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या साध्या विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. त्यानंतर असे शेकडो प्रयोग झाले आणि सरासरी फायदा लहानच निघाला, हेही सांगितलं पाहिजे. लिहिणं हे औषध नव्हे. पेनेबेकर यांना पुढे असं आढळलं की लिहिता लिहिता ज्यांच्या वाक्यांत 'म्हणून', 'कळलं', 'कारण' असे शब्द वाढत गेले, ज्यांची हकिगत दिवसागणिक बदलत गेली, त्यांना लाभ जास्त झाला.

मग आई घोळवते आहे की घडवते आहे? हे तुम्ही स्वतः ऐकूनच कळेल. ओवीचे काही चरण पुन्हा पुन्हा येणारच, तिची रीतच तशी आहे, त्याला घाबरू नका. नवी ओवी येते का, हे पाहा. भाऊ वेगवेगळ्या वयाचा, वेगवेगळ्या जागी दिसतो का? कधी शेत, कधी शाळा, कधी त्याचं लग्न येतं का? ओवी संपल्यावर ती उठून चहा ठेवते का, की तिथेच सुन्न बसून राहते? तुम्ही पाठवलेल्या दोन ओव्यांतच एका ठिकाणी अंगण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी बांध, एकीत न फिरलेली गाडी आहे आणि दुसरीत जिवंत मुलगा. मला तरी यात चाललेलं मन दिसतं.

तरीही काही खुणा मनात ठेवा. जेवण तुटलं असेल, कपडे सैल झाले असतील, दिवसभर अंथरुणात पडून राहत असेल, 'मलाही ने रे' असं ओवीबाहेर, बोलण्यातही येऊ लागलं असेल, तर वाट पाहू नका. तिला सरळ विचारा, 'आई, जगू नये असं वाटतं का?' असं विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतही मिळते. दिवसभर ती बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एकदा तपासून घ्यायला हरकत नाहीच, तेही ऐकू कमी येत नाही ना इथपासून. डॉक्टरांकडे गेलात तरी ओवी चालू राहू दे. त्या दोघांचं भांडण नाही.

मुलाशी बोला. 'पोटात गोळा येतो' म्हणजे तो चिडलेला नाही, घाबरलेला आहे. अंधारात आजीचा आवाज येतो, ती काय म्हणते ते नीट कळत नाही आणि घरात त्यावर कुणी बोलत नाही, याचीच त्याला भीती वाटत असावी. त्याला एखाद्या सुट्टीच्या दिवशी, उजेडात, ती छत्रीची ओवी समजावून द्या. मग त्याला विचारा, आजीच्या ओव्या एका वहीत लिहून घेशील का? परीक्षेच्या वर्षात हे काम फार नाही, आठवड्याला दोन-तीन ओव्या होतील. आजी 'वाटंच्या' म्हणाली तर 'वाटंच्या'च लिहायचं, 'वाटेच्या' करायचं नाही. सोपानदेवांनी आईची बोली पुस्तकी केली असती तर ती गाणी पहिल्याच वर्षी मेली असती. फोनवर आवाज घ्यायचा असेल तर आधी आजीला विचारायचं आणि घेतलेला आवाज नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही. ते तिचं खासगी बोलणं आहे. शेजाऱ्यांना जाग येत असेल तर स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्या, तेवढं पुरे.

आणि आता तुम्ही. पत्राच्या शेवटी एका वाक्यात तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत आणि लगेच पुन्हा आईकडे वळलात. दोन वर्षं. त्या काळात मृत्यूचा दाखला, विमा, बँकेतलं खातं, वारसाची कागदपत्रं हे सगळं तुम्हीच केलं असणार, बँकेत आहात म्हणून सगळ्यांनी तुमच्यावरच सोपवलं असेल. त्या कागदांवर भाऊ 'मयत' होता आणि तुम्ही 'अर्जदार' किंवा 'साक्षीदार'. त्या भाषेत रडायला जागा नाही. ज्या भाषेत जागा होती ती आईपर्यंत आली आणि तुमच्यापर्यंत पोचली नाही. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. ते योग्यच झालं. पहाटे तीन-चारला उठून, अंगात ताप असला तरी, पोटात मूल असलं तरी दोन पायल्या दळायचं, या कष्टाचे गोडवे गाणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ज्यांनी दळलं त्या बायकांनी गिरणीला कधी नावं ठेवलेली मी ऐकलेली नाहीत. पण जात्याबरोबर बायकांची बोलायची जागाही गेली आणि तिच्या बदल्यात आपण लेकीसुनांना दुसरी जागा करून दिली नाही. तुमच्या पिढीच्या शिकल्यासवरल्या, मिळवत्या बाईला भाऊ गेल्यावर शब्द सुचत नाहीत, हा तुमच्या मनाचा कोरडेपणा नाही. ती भाषा तुम्हाला कुणी दिलीच नाही.

पण तुम्ही नशीबवान आहात. ती भाषा येणारी बाई तुमच्याच स्वयंपाकघरात बसली आहे.

जात्यावर पुष्कळदा दोघी बसत. खुंटा दोघींच्या हातात, एक वैरण, म्हणजे मूठमूठ दाणे, घालते, एक ओवी उचलते, दुसरी तिच्या मागे म्हणते. तुमची आई दोन वर्षं एकटीच दोघींचं काम करते आहे. एखाद्या पहाटे उठा आणि तिच्यासमोर जाऊन बसा. 'काय करतेस', 'झोप येत नाही का', असलं काही विचारू नका. ती थांबली तर म्हणा, 'म्हण ना, मी ऐकतेय.' चरण दुसऱ्यांदा आला की तिच्या मागून म्हणा. आवाज बरा नसला तरी चालेल, चाल चुकली तर ती सुधारेल. एवढं जमलं की तिला विचारा की मी त्याला सायकल शिकवली होती त्यावर ओवी होईल का. सायकल हे मी उदाहरण म्हणून लिहिलं, तुमच्या दोघांचं जे काही असेल ते सांगा. थोरल्या बहिणीकडे असतंच काहीतरी, जे आईलाही ठाऊक नसतं. ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर येईल तेव्हा रडू येईल किंवा येणार नाही, दोन्ही ठीक आहे. रडणं ही परीक्षा नाही. पहाटे बसणं जमलं नाही तर कागद घ्या आणि त्याच्या एखाद्या वस्तूबद्दल लिहा, आईनं फटफटीबद्दल केलं तसं. कसं वाटलं ते लिहू नका. वस्तू कशी होती, कुठं ठेवलेली असायची, तो ती कशी हाताळायचा, एवढंच लिहा. बाकीचं त्यातून आपोआप येतं.

'पारी'वरच्या ओव्याही एखाद्या दुपारी आईला ऐकवून पाहा. पुणे जिल्ह्यातल्या बायकांचे कितीतरी आवाज त्यात आहेत. आपल्यासारखंच म्हणणारी दुसरी बाई ऐकू आली की ती मध्येच टोकेल, 'आमच्याकडं हे असं नाही म्हणत', आणि स्वतःची सांगेल. दिवसभर न बोलणारी आई बोलती होण्याचा तो एक मार्ग असू शकतो.

राहिलं वर्षश्राद्ध. भावजयीचा प्रश्न खरा आहे आणि त्याचा निर्णय भावकीनं परस्पर घ्यायचा नाही. तिला तुम्ही फोन करा. सरळ विचारा की आई येणार आहे, ती बहुतेक ओव्या म्हणेल, तुला ते सोसेल का, की त्या वेळी तू आणि मुलं जरा दुसरीकडे थांबाल? नवरा गेलेल्या बाईला दोन वर्षांत हे असं थेट कुणी विचारलंय का, मला शंका आहे. तिला नको असेल तर आईलाही तसं स्पष्ट सांगा, म्हणजे आई माजघरात न बसता शेजारच्या घरी किंवा मळ्यात बसेल. सासू-सुना हे आपसात ठरवू शकतात. त्यांच्या वतीनं चुलत्यांनी ठरवायची गरज नाही.

पण आईला गावी न्या. तिथे तिच्या वयाच्या बायका आहेत, ज्यांनी तुमच्या भावाला अंगाखांद्यावर खेळवलंय, ज्यांना ही चाल येते. त्या तिच्या शेजारी बसतील आणि तिच्या मागून चरण म्हणतील. त्यांच्यातली एखादी स्वतःची ओवीही जोडेल. भावकीला मात्र आधीच सांगून ठेवा की आई येते आहे, तिला मध्येच गप्प करायला कुणी येऊ नये, आणि कुणी आलंच तर तुम्ही तिथे असाल.